ड्रम कोअरच्या मैदानावर स्पीकर कशासाठी?

प्रश्न टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मराठी वडिलांचा आहे. मुलगी हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं मोठं वाद्य) वाजवते आणि यंदा हिवाळ्यात तिला एका ड्रम कोअरच्या, म्हणजे पितळी फुंकवाद्यं (ब्रास) आणि ढोल वाजवणाऱ्या स्पर्धक पथकाच्या, पिटसाठी (मैदानाच्या कडेला एका जागी उभं राहून वाजवणाऱ्या गटासाठी) ऑडिशन द्यायची आहे. तिचे बँडचे सर तरुणपणी कोअरमध्ये ब्यूगल वाजवायचे. त्यांच्या मते माइक आणि सिंथेसायझर (थोडक्यात सिंथ) मैदानात आले त्या दिवशी ड्रम कोअर संपलं. मुलीच्या मैत्रिणी म्हणतात, आता माइक आणि सिंथशिवाय कुणी जिंकतच नाही. वडिलांनी स्वतः पुण्यात पथकात ताशा वाजवला आहे, तेव्हा विजेशिवाय वाजणाऱ्या वाद्यांचं मोल त्यांना वेगळं सांगायला नको. ते विचारतात: यात खरं कुणाचं? आणि मुलीने मारिंबाच पक्का करावा की सिंथ शिकून घ्यावा?

मी अनेक उन्हाळे कोअरच्या पिटजवळ, मिक्सर (सगळ्या माइकांचे आवाज एकत्र तोलणारं यंत्र) आणि केबलींच्या गराड्यात काढले आहेत, तेव्हा माझं मत आधीच सांगून टाकतो. मारिंबा आणि व्हायब्राफोनला (धातूच्या पट्ट्यांचं तसंच वाद्य) माइक लावणं ही ड्रम कोअरमध्ये गेल्या वीसेक वर्षांत झालेली सर्वांत चांगली गोष्ट आहे. ब्रासच्या खाली सिंथचा सलग खर्ज अंथरणं ही बहुतेक वेळा वाईट गोष्ट आहे. दोन्ही एकाच मिक्सरमधून जातात आणि एकाच स्पीकरमधून बाहेर पडतात, म्हणून लोक दोन्हींना सरसकट ‘इलेक्ट्रॉनिक्स’ म्हणतात आणि वाद वर्षानुवर्षं तसाच राहतो. सर एका गोष्टीबद्दल बोलताहेत, मैत्रिणी दुसरीबद्दल.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडी ओळख. अमेरिकेत पहिल्या महायुद्धानंतर माजी सैनिकांच्या संघटनांनी गावोगावी बिगुल आणि ढोलांची पथकं उभी केली, त्यांतून ड्रम कोअर वाढलं. १९७१ साली ड्रम कोअर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, स्थापन झाली. १९७२ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि ती ॲनाहाइम किंग्जमेनने जिंकली. आज मोठ्या कोअरमध्ये दीडशेच्या वर मुलंमुली असतात, बहुतेक सगळी बाविशीच्या आतली. ब्रास असतो, चालत वाजवणारी ड्रमलाइन असते जिला बॅटरी म्हणतात, झेंडे आणि रायफली फिरवणारा कलरगार्ड असतो, आणि मैदानाच्या पुढच्या कडेला एका जागी उभा राहून वाजवणारा पिट असतो. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना जागा नाही. पूर्वी टिंपनी आणि झायलोफोनसुद्धा अंगावर बांधून चालायचे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला वाद्यं जमिनीवर ठेवायची मुभा मिळाली तेव्हा पिट तयार झाला. २००० च्या मोसमात जी सुराच्या ब्यूगलचं बंधन सुटलं, २००४ मध्ये पिटच्या वाद्यांना आणि माणसाच्या आवाजाला माइक मिळाले, २००९ मध्ये सिंथेसायझर आणि सॅम्पलर (आधी मुद्रित केलेले आवाज वाजवणारं यंत्र) आले. या प्रत्येक वळणावर ‘आता संपलं’ म्हणणारे होते. सरांची तक्रार त्या परंपरेतली आहे खरी, पण तेवढ्यावरून ती निकालात काढणं मला पटत नाही. तिच्यात एक गोष्ट शंभर टक्के बरोबर आहे, तिच्याकडे येतोच.

आधी मारिंबा. पिटसाठी ऑडिशन द्यायची तर हा भाग मुलीला मुळापासून कळलेला बरा.

मारिंबा हे खोलीतलं वाद्य आहे. रोझवूडच्या पट्ट्या, त्यांच्याखाली नळ्या, आणि खालच्या सप्तकातला सूर इतका गोल आणि मऊ की सभागृहातही मागच्या रांगेत पोचताना तो पातळ होतो. पाच सप्तकांच्या मारिंबाचा सगळ्यात खालचा सूर सुमारे ६५ हर्ट्झचा असतो. उघड्यावर आवाज अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबलने उतरतो. वाद्यापासून एक मीटरवर जेवढा आवाज आहे त्यापेक्षा चौसष्ट मीटरवर तो ३६ डेसिबल कमी असतो. स्टेडियमच्या वरच्या रांगा, जिथे परीक्षक बसतात, त्या साधारण तेवढ्याच लांब असतात. आणि पिटच्या पाठीमागे सत्तरएक ब्रास आणि संपूर्ण बॅटरी, तोंडं प्रेक्षकांकडे करून.

मग २००४ च्या आधी पिटमधली मुलं काय करायची? टणक मॅलेट (वाजवायच्या, टोकाला गोळा असलेल्या काठ्या) घ्यायची आणि ठोकायची. चार-पाच जण मिळून एकच ओळ वाजवायची, कारण एकट्याचा आवाज पोचत नसे. लाकडाच्या पट्ट्या असं ठोकणं सोसत नाहीत, म्हणून कृत्रिम पट्ट्यांची वाद्यं वापरायची. त्यांची मनगटं आखडून यायची. लिहिणाऱ्यालाही मारिंबाची खालची दीड-दोन सप्तकं वापरण्यात अर्थ वाटत नसे, कारण तिथे लिहिलेलं कुणाला ऐकूच जाणार नव्हतं. वाद्य पाच सप्तकांचं आणि कामाची वरची दोन-तीन. त्या काळातल्या मुलांनी त्या चौकटीतही थक्क करणारं काम केलं, पण मऊ सूर मऊ वाजवायची मुभा त्यांना नव्हती. माझ्या लेखी हे संगीताचं मोठं नुकसान होतं.

माइक आल्यावर पहिल्यांदा बदलला तो मुलांचा हात. मऊ लोकरीचे मॅलेट मैदानावर चालू लागले. चार मॅलेटनी चार वेगळे सूर धरून संथ रोल (भराभर ठोक्यांनी सलग धरलेला स्वर) वाजवता येऊ लागला. पाच मारिंबांना पाच वेगवेगळ्या ओळी देता आल्या. संगीत महाविद्यालयात जे तंत्र शिकवतात तेच मैदानावर उपयोगी पडू लागलं, आणि मोसम संपल्यावर ती मुलं थेट मैफिलीच्या रंगमंचावर जाऊ लागली. यात यंत्राने स्वतःचं असं काही वाजवलेलं नाही. मुलीने जे वाजवलं तेच वरच्या रांगेपर्यंत गेलं. मला जी कसोटी महत्त्वाची वाटते ती एवढीच: स्पीकरमधून येणारा आवाज मैदानावरच्या कुणाच्या तरी हातातून किंवा श्वासातून निघालेला आहे का? निघालेला असेल तर त्याला लांब नेण्यात मला काहीही गैर वाटत नाही.

माइक लावायचं काम मात्र दिसतं तेवढं सोपं नाही. साधारणपणे प्रत्येक वाद्याला पट्ट्यांच्या खाली दोन ते चार कंडेन्सर माइक बसवतात. जवळ लावला तर समोरच्याच दोन पट्ट्या ओरडतात, लांब लावला तर मागच्या स्नेअर ड्रमचा आवाज आत शिरतो. दोन माइकांत एकच सूर थोड्या फरकाने गेला तर काही कंप एकमेकांना खातात आणि आवाज पोकळ होतो. वरचा आवाज थोडा जास्त चढवला की माइक शिट्टी मारतो. वारा सुटला की घरघर. माइकची जागा मिलिमीटरच्या हिशेबाने ठरवून, तिथे टेप लावून, रोज तीच ठेवणं हे कंटाळवाणं काम ज्या पिटमध्ये नीट होतं त्याचा आवाज मोसमभर टिकतो. इक्वलायझर फिरवून चुकीच्या जागी बसलेला माइक सुधारत नाही, कितीही महागडा मिक्सर असला तरी.

आता कालमापन. इलेक्ट्रॉनिक्सवरच्या चर्चेत या मुद्द्याला कमी जागा मिळते आणि प्रत्यक्ष मैदानात सर्वांत जास्त त्रास याचाच होतो, म्हणून इथे जरा थांबतो. तुम्ही पथकात वाजवलंय, तेव्हा पटकन लक्षात येईल. मिरवणुकीत पथक लांबलचक असलं की मागच्या रांगेतल्या ढोलाला पुढचा ताशा उशिरा ऐकू येतो. तो कानावर विसंबून वाजवतो आणि सगळा ठेका मागे ओढला जातो. म्हणून मागचे लोक हातवाऱ्यावर आणि झेंड्यावर नजर ठेवतात. इथेही तसंच, फक्त अंतर मिरवणुकीच्या लांबीऐवजी मैदानाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं.

अमेरिकन फुटबॉलचं मैदान पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत जवळजवळ ४९ मीटर. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मागच्या कडेवर पडलेला स्नेअरचा ठोका पुढच्या कडेला पोचायला १४० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला १८० ठोक्यांची लय धरली तर एक मात्रा ३३३ मिलिसेकंदांची, म्हणजे ठोका अर्ध्या मात्रेला थोडाच कमी इतका मागे पडतो. यावर कोअरने शोधलेला उपाय फार सुंदर आहे. मागची बॅटरी ड्रम मेजरच्या, म्हणजे पुढे उभं राहून हातांनी लय दाखवणाऱ्याच्या, हातांवर वाजवते. पुढचा पिट हातांकडे बघत नाही. तो मागून येणारा आवाज कानाने धरतो आणि त्या आवाजावर वाजवतो. मग दोन्ही आवाज पुढच्या कडेला एकत्र होतात आणि प्रेक्षकांकडे एकत्रच जातात. पिटमधला मधला मारिंबा ऐकून लय धरतो, बाकीचे त्याच्यावर. शिकवणारे दिवसभर ओरडत असतात ते एकच: मागे ऐका.

याच्या उलट झालं, म्हणजे मागच्यांनी पुढचा आवाज ऐकून वाजवलं, तर १४० जाताना आणि १४० येताना. २८० मिलिसेकंद, जवळजवळ पूर्ण मात्रा. सगळं कोसळतं.

स्पीकर नेमके या व्यवस्थेच्या मध्यावर येऊन बसतात. पिटच्या शेजारी मोठा आवाज सुरू झाला की पिटला मागचा स्नेअर ऐकू येईनासा होतो, त्यांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येतं आणि ते हळूहळू पुढे पळतात. दुसरीकडे सबवूफरचा खर्ज फक्त समोर जात नाही. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी सुमारे सात मीटर असते. खोक्याच्या तोंडाने तिची दिशा ठरत नाही, ती चहूकडे पसरते आणि मैदानाच्या मागच्या टोकाच्या ट्रम्पेटवाल्याच्या छातीवर १४० मिलिसेकंदांनी उशिरा आपटते. प्रेक्षकांच्या काँक्रीटच्या गॅलरीवर आपटून परतलेला आवाज आणखी उशिरा. त्या मुलाने डोळे ड्रम मेजरवर आणि कान बंद, असं वाजवायचं असतं. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाकडून हे मागणं सोपं नाही, आणि तरीही ही मुलं ते करतात. आपण काय करू शकतो? सबवूफरची रचना अशी करायची की मागच्या बाजूला लाटा एकमेकींना मारतील. पिटचे मॉनिटर, म्हणजे वादकांना स्वतःचं वाजवणं ऐकवणारे स्पीकर, शक्य तितके कमी आवाजावर ठेवायचे. आणि मुळात खर्ज कमी लिहायचा. शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरला जाणारा.

वायरलेस माइक लावलेल्या एकल वादकाचं गणित त्याच घरातलं. समजा ट्रम्पेट वाजवणारी मुलगी पुढच्या कडेपासून ३० यार्ड आत उभी आहे, म्हणजे सुमारे २७ मीटर. तिचा खरा आवाज पुढच्या कडेला यायला ८० मिलिसेकंद घेतो. वायरलेसमधून तोच आवाज तीन-चार मिलिसेकंदांत स्पीकरच्या तोंडाशी हजर. पन्नासच्या पुढचा फरक कानाला प्रतिध्वनीसारखा जाणवतो, आणि जो आवाज आधी येतो तिकडून तो येतोय असं कान ठरवतो. परिणाम असा की मुलगी एकीकडे दिसते आणि ट्रम्पेट भलतीकडून वाजतो. शिवाय तिच्या आजूबाजूची साथ ८० मिलिसेकंद मागे. यावर इलाज मिक्सरमध्ये आहे: त्या चॅनेलला अंतराइतका, किंवा किंचित जास्त, विलंब द्यायचा. मग कान आधी तिचा खरा आवाज पकडतो, स्पीकर फक्त त्याला टेकू देतो, आणि आवाज तिच्या वाद्यातून येतोय असं वाटतं. ती जागा बदलते तसा विलंब बदलावा लागतो. डिजिटल मिक्सरवर प्रत्येक प्रसंगाचं सेटिंग जपून ठेवता येतं, त्यामुळे हे आता अशक्य नाही. तरी कित्येक कार्यक्रमांत एकल वादन स्पीकरच्या खोक्यातून ऐकू येतं आणि डोळे वादकाला शोधत राहतात. प्रेक्षक म्हणतात माइकने मजा घालवली. माइकला विलंब दिला असता तर घालवली नसती.

आता सरांच्या बरोबर असलेल्या मुद्द्याकडे.

२००८ चं अजिंक्यपद फँटम रेजिमेंट या कोअरने ‘स्पार्टाकस’ या कार्यक्रमावर ९८.१२५ गुणांनी जिंकलं. ब्लू डेव्हिल्स ९८.१०० वर होते. सिंथेसायझर येण्याआधीचा तो शेवटचा मोसम. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आजही ऐकावं. मोठ्या जागी ब्रासचा स्वर सगळ्या बाजूंनी उभा राहतो, तळाला ट्यूबांचा (ब्रासमधल्या सर्वांत मोठ्या, खालच्या सुरांच्या वाद्यांचा) खर्ज असतो आणि तो खर्ज माणसांच्या छातीतून आलेला आहे हे कळतं. सूर लागतो तेव्हा एक हलका काठ असतो, सुटतो तेव्हा सगळ्यांचा श्वास एकत्र थांबतो.

२००९ नंतर बऱ्याच कोअरनी या ट्यूबांच्या खाली सिंथचा खर्ज घालायला सुरुवात केली. कारण समजण्यासारखं आहे. स्टेडियम मोठं, खर्जाने अंग थरथरतं, परीक्षकावर परिणाम होतो. पण खालचा जोरदार आवाज वरच्या आवाजांना झाकतो, हा कानाचाच गुणधर्म आहे. सिंथ जेवढा वाढवाल तेवढे ट्यूबा आणि बॅरिटोन यांचे बारकावे पुसले जातात. ज्या मुलांनी मे महिन्यापासून उन्हात रोज तासन्‌तास सूर जुळवायला घालवले, त्यांचं काम आपण एका बोटाने झाकतो. सिंथ कधीच बेसूर होत नाही, धाप लागून थांबत नाही, म्हणून त्याच्या शेजारी माणसांचा सूर उगाच डळमळीत वाटायला लागतो. हे मला मान्य नाही, तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. सिंथचा खर्ज आमटीतल्या गुळासारखा असावा, वेगळा कळला की जास्त झाला. चार-पाच जागी, तळाला थोडा आधार, एखाद्या मोठ्या आघाताच्या वेळी घुमारा, एवढं पुरे. प्रत्येक मोठ्या स्वराखाली तो घालायची सवय लागली की संगीतकाराला ट्यूबांसाठी नीट लिहायची गरजच वाटेनाशी होते, आणि खरी हानी तिथे होते.

सिंथ म्हणजे सगळं वाईट असं मात्र मी म्हणणार नाही. ओहायोतल्या कँटनच्या ब्लूकोट्स या कोअरने २०१४ च्या ‘टिल्ट’ (म्हणजे तिरपं) या कार्यक्रमात ब्रासचा एक स्वर खाली वाकवत नेला. मैदानावरच्या ब्रासचा आवाज आणि इलेक्ट्रॉनिक आवाज अशा रीतीने मिसळले होते की संपूर्ण स्टेडियम तिरपं झाल्यासारखं वाटलं, आणि कार्यक्रमाचा विषयच तो होता. ते त्या वर्षी दुसरे आले, पण त्या वाकलेल्या स्वराचा ठसा नंतरच्या अनेक कोअरच्या ध्वनिरचनेवर दिसतो. २०१६ मध्ये ‘डाउन साइड अप’वर त्यांनी पहिलं अजिंक्यपद मिळवलं. तिथे इलेक्ट्रॉनिक्स कल्पनेच्या गाभ्यात होतं. ट्यूबांची उणीव भरून काढायला ते आणलेलं नव्हतं. नुसत्या ब्रासला जमणार नाही असं काही करायचं असेल तर जरूर करावं. ब्रासला जे सहज जमतं तेच स्पीकरमधून वाजवायला गेलं तर मला त्याचं कारण विचारावंसं वाटतं.

माणसाच्या आवाजाबद्दल फार लिहीत नाही. २००४ नंतर पहिली काही वर्षं निवेदनाचा पूर आला होता. द कॅडेट्स या कोअरच्या २००७ च्या आसपासच्या कार्यक्रमांवरून प्रेक्षकांत झालेली भांडणं जुन्या लोकांना आठवत असतील. संगीत जे सांगत होतं तेच माइकवरून शब्दांत पुन्हा सांगितलं जायचं. आता बहुतेक ठिकाणी शब्द कमी झालेत आणि गाणारा आवाज वाढलाय, हे चांगलं झालं. नीट गाणारी एक मुलगी असेल तर तिला माइक हवाच. उघड्या मैदानात एकट्या गळ्याचं काय चालणार?

संपूर्ण ब्रासलाच माइक लावायचा प्रकार मात्र मला अजिबात रुचत नाही. मैदानात चार-सहा वादकांना वायरलेस लावून त्यांच्यावर सगळ्या विभागाचा आवाज तोलायचा, हे हल्ली होतं. त्यात चांगल्या सहांचा आवाज पुढे येतो आणि बाकीचे मागे राहतात. बाकीच्यांनी चूक केली तरी झाकली जाते, आणि त्यांनी उत्तम वाजवलं तरीही झाकलं जातं. ड्रम कोअरचा अर्थ ज्या गोष्टीत आहे, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या सर्वांत नव्या मुलाच्याही सुराचा एकूण आवाजात हिस्सा असणं, तीच इथे जाते. सरांची वेदना मला इथे पूर्ण समजते.

मिक्सर कोण, कुठून चालवतो हा प्रश्नही महत्त्वाचा आहे. मिक्सर पुढच्या कडेला, स्पीकरच्या रांगेत असतो. तिथे उभ्या माणसाला प्रेक्षकांना काय ऐकू येतंय ते कळूच शकत नाही. म्हणून एक जण टॅब्लेट घेऊन वर गॅलरीत बसतो किंवा वरून रेडिओवर खालच्याला सांगतो. तरीही मधोमध बसलेल्याला एक तोल मिळतो आणि मैदानाच्या एका बाजूला, २० यार्डच्या रेषेसमोर, स्पीकरपाशी बसलेल्याला वेगळाच. वरचे परीक्षक आणि खालच्या रांगेतले आजोबा एकाच कार्यक्रमाचे दोन निराळे आवाज घेऊन घरी जातात. इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये, जिथे २००९ पासून अंतिम स्पर्धा होतात, छतामुळे आवाज घुमत राहतो. मोसमभर उघड्या शाळांच्या मैदानांवर जमवलेलं सगळं तिथे पुन्हा मांडावं लागतं. सगळ्यात आधी खर्ज कमी करावा लागतो, आणि नेमकं त्याच आठवड्यात बरेच जण तो वाढवतात. अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०१७ च्या लिलावात मोबाइल कंपन्यांना गेल्यामुळे २०२० पर्यंत वायरलेस माइक तिथून हलवावे लागले. उरलेल्या जागेत एकाच दिवशी एवढी कोअर, प्रक्षेपणवाले आणि स्टेडियमचे स्वतःचे माइक यांना बसवणं हे स्वतंत्र कौशल्य झालंय.

आणि वीज जाते. जनरेटर बंद पडतो, पाऊस कनेक्टरमध्ये शिरतो, लॅपटॉप मधेच गोठतो. एका कोअरचा (नाव सांगत नाही) संपूर्ण आवाज मी भर स्पर्धेत गेलेला पाहिलाय. ब्रास आणि बॅटरी वाजवत राहिले, पण पिट दिसत होता आणि ऐकू येत नव्हता. तो कार्यक्रम उभा राहिला, कारण त्यांचे संगीत-दिग्दर्शक आठवड्यातून एकदा स्पीकर बंद ठेवून पूर्ण तालीम घ्यायचे. त्या तालमीचा दुसरा फायदाही आहे. स्पीकर बंद केल्यावर कुठे पोकळी पडते ते लगेच कळतं. मारिंबा नाजूक झाला तर हरकत नाही, पण मोठ्या आघाताच्या जागी काहीच उरलं नाही तर तिथे ब्रासच्या लेखनात खोट आहे असं समजावं.

पैशाचा मुद्दा टाळून चालणार नाही. मिक्सर, स्टेज बॉक्स, डझनावारी माइक, वायरलेस संच, सबवूफर, जनरेटर, त्यांना न्यायला ट्रकमध्ये जागा, आणि हे सगळं सांभाळणारी जाणती माणसं. श्रीमंत कोअरला ते जमतं, लहान कोअरला त्याच स्पर्धेत त्याच्या चौथाई साहित्यावर उभं राहावं लागतं. लहान कोअरना मी नेहमी सांगतो की सिंथ आणि सबवूफरवर पहिला पैसा घालू नका. आधी चांगले माइक घ्या, ते नीट बसवा, एका चांगल्या माणसाला मोसमभर ठेवा. स्वच्छ ऐकू येणारा पिट लहान कोअरला जे गुण मिळवून देतो ते थरथरणारी जमीन देत नाही. डीसीआयच्या शंभर गुणांत एकूण परिणामाला ४०, दृश्य भागाला ३० आणि संगीताला ३० आहेत. इलेक्ट्रॉनिक्ससाठी वेगळा रकाना नाही. ते या सगळ्यांतून झिरपतं, त्यामुळे खराब आवाजाची किंमत दोन-तीन ठिकाणी मोजावी लागते आणि नेमकी कुठे गेली ते कागदावर दिसत नाही. मैत्रिणींच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढं: वरच्या फळीत आज ध्वनिरचनेकडे दुर्लक्ष करून कुणी टिकत नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. मारिंबा पक्का करावा, यात मला शंका नाही. पिटमधल्या जागा बहुतेक मारिंबा आणि व्हायब्राफोनच्या असतात. सिंथच्या एक किंवा दोन, आणि त्या बऱ्याचदा पियानो चांगला येणाऱ्याला मिळतात. तिला पियानो येत असेल तर अर्जात जरूर लिहावं. चार मॅलेटचं तंत्र तिने स्वच्छ करावं. माइक आल्यापासून जोरापेक्षा सफाईला महत्त्व आलंय, कारण माइक प्रत्येक चुकीचा ठोकाही तितक्याच इमानाने वरच्या रांगेत नेतो. मॅलेट प्रत्येक वेळी पट्टीच्या त्याच जागी पडला पाहिजे, कारण जागा बदलली की माइकमध्ये स्वराचा रंग बदलतो आणि ते घरात सराव करताना फारसं लक्षात येत नाही. फोनवर अगदी जवळून ध्वनिमुद्रण करून ऐकलं की लगेच कळेल.

शिवाय मागे ऐकायचा सराव. घरामागच्या अंगणात मेट्रोनोमचा (ठरलेल्या लयीत टिकटिक करणाऱ्या यंत्राचा) स्पीकर तिच्या पाठीमागे ठेवा, जमेल तितका लांब, आणि तिला त्यावर वाजवू द्या. कानात इअरफोन घालून मेट्रोनोमवर वाजवायची सवय असेल तर ती आधी मोडा. ऑडिशनच्या शिबिरात, साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत, शिकवणारे पहिल्या तासातच हे तपासतात. सिंथमध्ये तिला रस असेल तर जागा मिळाल्यानंतर, वसंतातल्या सरावात, शिकवणाऱ्यांना सांगून मिक्सरपाशी उभं राहायला मिळतं का ते बघावं. केबल कशी गुंडाळायची, माइक कुठे बसतो, आपल्या वाद्याचा चॅनेल कोणता, एवढं कळलेला वादक पिटला नेहमीच हवा असतो. आणि सरांना तिच्या पिटची स्पीकर बंद ठेवून होणारी तालीम ऐकायला नक्की घेऊन जा. मऊ मॅलेटनी वाजवलेला मारिंबा जवळून कसा लागतो ते त्यांना तिथे ऐकायला मिळेल. त्यांच्या काळात पिटला असं वाजवायची सोय नव्हती.